मामाचा हाफ क्लच

मामाच्या गाडीला कोंबडीनेही कधी वाट दिली नाही. समोरून काहीतरी येतंय एवढं कळलं की कोंबडी मान वर करायची, गाडी कोणाची ते ओळखायची आणि पुन्हा मान खाली घालून टिपायला लागायची. गाडी जवळ येईपर्यंत तिचं पोट भरलेलं असायचं. पोशीरपासून चौकपर्यंतच्या गावांतल्या नवरानवरींना ज्याने वाजत-गाजत मंडपापासून हमरस्त्याला आणलं, तो माझा मामा जन्मभर माणसाच्या चालीने गाडी चालवत राहिला. त्याला जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुठे वरात दिसली की मी आधी नवरीकडे न बघता ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे बघतो. बायकोला हे आवडत नाही, पण निदान नवरीकडे बघत नाही म्हणून ती गप्प बसते.

‘जोरात कोन पन चालवल,’ मामा म्हणायचा. ‘हळू चालवून दाखव. बँडवाला थांबला की थांबायचं, तो सरकला की सरकायचं, आनि मागं बसलेल्या नवरीचा पदर हलता कामा नये.’ वरातीत गाडी चालत नाही, सरकते. त्यासाठी डावा पाय क्लचवर अर्धा दाबून धरायचा, नखभर सोडायचा, पुन्हा दाबायचा. ह्याला ड्रायव्हर लोक हाफ क्लच म्हणतात आणि शहाणा ड्रायव्हर तो टाळतो. मामाने त्यावरच संसार केला.

गाडी त्याच्याकडे आली ती नेरळच्या एका बंगल्यातून. मामा तिथे ड्रायव्हर होता. बंगल्याचा शेट कायमचा परदेशी निघाला, तेव्हा त्याने कुत्रा माळ्याला दिला आणि गाडी मामाला. माळी नशीबवान, त्याचा कुत्रा पाच-सहा वर्षांत मेला आणि तो सुटला. मामाच्या गळ्यात गाडी पडली ती पडलीच. सायीच्या रंगाची, उघड्या टपाची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली ती गाडी तेव्हाच जुनी होती. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. शेजारच्या लग्नात कोणीतरी हौसेने मागून नेली, दुसऱ्याने त्याचं बघून मागितली, आणि मामा कायमचा वरातवाला झाला.

प्रत्येक लग्नसराई संपली की तो ओटीवर भिंतीला टेकून बसायचा, डावा गुडघा दोन्ही हातांनी धरायचा आणि जाहीर करायचा, ‘औंदा शेवटचं. बस झालं. फुडल्या वर्साला गाडी काडत नाय.’ मामी आतून म्हणायची, ‘चहा ठेवलाय.’ मामीचं हे उत्तर वर्षानुवर्षं बदललं नाही. तुळशीचं लग्न झालं की पहिला माणूस तारीख घेऊन यायचा आणि मामा गुडघ्याला हात लावत उठायचा. त्याचं थकणंसुद्धा त्याच्या गाडीसारखं होतं, बंद पडत नव्हतं आणि पुढेही जात नव्हतं.

बोलताना तो समोरच्याकडे बघत नसे. नजर पुढे, रस्त्यावर. रस्ता नसला तरी. मागचं सगळं त्याला आरशातून दिसायचं. नवराबायकोंविषयी त्याची मतं त्या आरशात तयार झालेली. ‘पयल्या वळनापर्यंत एकमेकांशी बोलले नाय तर पुडं कठीन. आनि लय बोलले तरी कठीन.’ माझ्या लग्नातही मीच नवरा असल्यामुळे मागे बसलो होतो. त्या वरातीविषयी मी त्याला एकदा मोठ्या आशेने विचारलं. मामा समोर बघत म्हणाला, ‘तू झोपला व्हतास. पोरगी बिचारी तुजा फेटा धरून बसली व्हती.’ हे खरं आहे. माझी मान तिच्या खांद्यावर पडलेला फोटो आमच्या घरात आहे आणि पाहुणे त्याला प्रेमाचा फोटो समजतात.

तर हा मामा, ही गाडी, आणि प्राजू. प्राजू म्हणजे त्याच्या मुलीची मुलगी. लहानपणापासून आजोळीच वाढलेली. पडवीतल्या उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसायची, बाहुलीला शेजारी बसवायची आणि ओरडायची, ‘आबा, माजी वरात काडा!’ मामा गाडी पुसता पुसता म्हणायचा, ‘तुजी येल तवा मीच काडनार. दुसऱ्या कुनाच्या बापाला हात लावू देनार नाय.’ असलं आपण सगळेच पोरांना बोलतो आणि विसरतो. मामा विसरला नाही. प्राजूपण नाही.

तिचं लग्न ठरलं, मुलगा खालापूरकडचा, आणि नेमकं त्याच सुमारास गाडीचं क्लच पेडल पार गेलं. एकदम नाही, वर्षानुवर्षं जातच होतं. त्या गाडीत क्लच आणि ब्रेक ही दोन्ही पेडलं पायाखालच्या फळीच्या तळाशी एकाच आडव्या दांड्यावर बसवलेली. पेडल आणि दांडा यांच्यामध्ये पितळेची आखूड नळी असते, तिला बुश म्हणतात. मामाच्या हाफ क्लचने ते बुश झिजून झिजून त्याचं गोल भोक लांबट झालं होतं. पेडल परत वर आणणारी स्प्रिंग कधीच तुटलेली, तिच्या जागी मामाने सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. पेडलवरचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं होतं. ढिलं झालेलं पेडल दाबलं की खाली जाता जाता उजवीकडे झुकायचं आणि ब्रेकच्या पेडलला अडकायचं. चौकच्या एका लग्नात असंच झालं. मामाने क्लच दाबला, सोबत ब्रेकही लागला, गाडी जागच्या जागी गचकली आणि मागे ऐटीत उभा राहून हात हलवणारा नवरदेव पुढच्या सीटवर नाकावर आला. नवरी हसली. मामा म्हणाला, ‘ही जोडी टिकल.’ पण घरी आल्यावर तो बराच वेळ गाडीतून उतरला नाही.

डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याविषयी जे सांगितलं होतं ते मामीला माहीत होतं. गुडघ्याची गादी संपली आहे, जिना नको, मांडी नको, क्लच तर नकोच. मामी मला म्हणाली, ‘गाडीचा पाय गेला, ह्यांचा पन गेला. लग्नाला दुसरा डायवर बगा.’ ‘कोण?’ मी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माथेरानच्या एका हॉटेलात काउंटरला बसतो. माथेरानात मोटारीला बंदी आहे; तिथे घोडा आडवा आला तर काय करायचं एवढंच मला येतं. पण तिथे गाडीच नसल्याने माझं गाडीचं ज्ञान कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं आणि मामाच्या पोशीर गावात मी जाणकार म्हणून खपत होतो.

मामाने एका वाक्यात विषय मिटवला. ‘माज्या नातीची वरात दुसऱ्याच्या पायावर नाय जानार. पेडल दुरुस्त करून दे, बाकी मी बगतो.’

म्हणून मी रजा काढली. चौकला अन्वरभाईंचं गॅरेज होतं. अन्वरभाई मामाच्या बरोबरीचे, तेवढेच थकलेले. हल्लीच्या गाड्या त्यांच्याकडे येत नसत. पंक्चर आणि पाणीपंप यांवर दिवस जायचा. त्यांनी फळ्या उचलल्या, आडवे झाले. मग खालून आवाज आला, ‘मामा, ह्या बुशात भोक ऱ्हायलंय, बुश नाय ऱ्हायलं.’

‘मंग नवीन टाक.’

‘मिलनार कुठं? ही गाडी बनवनारे पन वर गेले. खोपोलीत लेथवर कातून आना.’

मामा समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाला, ‘भाचा जाईल.’

भाचा गेला. मे महिन्याची दुपार, टेम्पोत सिमेंटच्या गोण्यांवर बसून, खिशात रुमालात गुंडाळलेलं ते झिजकं बुश. लेथवाल्याला मी ते दिलं आणि जाणकाराच्या आवाजात सांगितलं, ‘अगदी असंच पाहिजे. केसभर फरक नको.’ तो लग्नसराईतल्या मंडपाचे पाइप कापत होता, त्याने वर न बघता विचारलं, ‘असंच?’ मी म्हणालो, ‘हुबेहूब.’ माणूस शब्दाचा पक्का निघाला. त्याने आतलं भोक मोजलं आणि नव्याकोऱ्या पितळेत तसंच लांबट, तसंच ढिलं भोक पाडून दिलं. मला इतका आनंद झाला की मी ते वाटेत सारखं काढून बघत होतो.

अन्वरभाईंनी ते दांड्यावर चढवलं, एका बोटाने हलवलं, ते खुळखुळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे.

‘मामा, लोक जुन्याचं नवीन करून आनतात. ह्यानी नवीन घेऊन त्याचं जुनं करून आनलं!’

मामा हसला नाही. डोळे मिटून म्हणाला, ‘त्याच्या आईला मी सांगत व्हतो, ह्याला शेतीत घाल.’

दुसऱ्या दिवशी मापाला अख्खा दांडा घेऊन पुन्हा खोपोली. तेवढ्यात मी आपणहून एक काम केलं. दुकानात जुन्या ट्रकची रिटर्न स्प्रिंग मिळाली, तीपण आणली. जाड, काळी, दणकट. सायकलच्या ट्यूबपेक्षा बरी, असा साधा विचार. अन्वरभाईंचं मत होतं की ती जरा जड होईल. पण कंटाळलेला माणूस वाद घालत नाही आणि त्या दिवशी आम्ही तिघेही कंटाळलो होतो. त्यांनी बुश बसवलं, झिजलेल्या पिना बदलल्या, नवी स्प्रिंग लावली, पेडलांना नवी रबरं चढवली. उठताना त्यांनी गाडीचं दार धरलं, मामाने अन्वरभाईंचा हात धरला, आणि दोघं एकमेकांना उठवत असताना दोघेही पुन्हा खाली बसले. मी मदतीला गेलो तर ‘तू नको,’ असं दोघं एकदम म्हणाले.

घरी आणल्यावर मला वाटलं, नातीचं लग्न आहे, पेडलं चमकली पाहिजेत. मी नव्या रबरांना खोबरेल तेल चोळलं. छान काळी, तुकतुकीत झाली. संध्याकाळी मामा फेरी मारायला बसला, गाडी सुरू केली, पाय टाकला, पाय सटकला, आणि मामा, गाडी, दोन्ही उकिरड्यात. जन्मात पहिल्यांदा ती गाडी एवढ्या वेगाने गेली होती. कोंबड्या उडाल्या. त्यांचा तर विश्वासच बसेना. मामी ओटीवरून म्हणाली, ‘गाडीची पन दृष्ट काडायला पायजे. ह्याचीच लागलीय.’ बोट माझ्याकडे होतं.

तेल पुसून मामाने पुन्हा गाडी काढली. आता पेडल सरळ खाली जात होतं, सरळ वर येत होतं, ब्रेकला शिवत नव्हतं. ‘झकास,’ तो म्हणाला. पण मी बाजूला उभा होतो. मला त्याच्या वरच्या ओठावर घाम दिसला. ती ट्रकची स्प्रिंग दर वेळी त्याचा पाय वर फेकत होती आणि तो पाय दर वेळी पुन्हा खाली नेण्यासाठी मामा नुसत्या पायाने नाही, कंबरेतून दाबत होता.

‘मामा, स्प्रिंग काढू या. परत ट्यूब बांधतो.’

‘नको.’

‘अरे पण तुझा पाय—’

‘प्राजूच्या लग्नाला सायकलची फाटकी टूब लावू? तिच्या अंगावर सगलं नवीन, आनि माज्या गाडीत जुनं?’ मग, पुढे बघतच, ‘एवडं ऱ्हायलंय रं. मंडपापासून रस्त्यापर्यंत. एवडं करू दे मला.’

लग्न लागलं. उन्हं कलली तशी वरात निघाली. पुढे बँड, त्यापुढे पोरं, वर नवऱ्याकडच्यांचा ड्रोन भुणभुणत होता. मागच्या सीटवर प्राजू आणि तिचा नवरा. मामाने नवा सदरा घातला होता, टोपी घातली होती. मी ड्रायव्हरच्या बाजूने दाराला हात लावून चालत होतो. मामीने मला तिथे नेमलं होतं आणि कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. आरशात बघून मामा पुटपुटला, ‘बोलतात. मापात बोलतात.’ मग मारुतीच्या देवळापाशी बँड अडकला. पोरांना गाणं आवडलं, गाणं संपेना. पोरं पाऊलभर पुढे, अर्धं मागे. मामा नखभर सोडत होता, पुन्हा दाबत होता. गियर काढून स्वस्थ उभा राहिला असता तर चाललं असतं, पण वरात थांबली असं नवरीला वाटता कामा नये हा त्याचा जुना हट्ट. आणि मग मला त्याची मांडी थरथरताना दिसली. आधी थोडी, मग धोतराचा काठ हलावा इतकी. तो समोर बघत होता. जबडा घट्ट.

मागून प्राजूने वाकून विचारलं, ‘आबा, काय झालं?’

‘काय नाय गं. बँडवाले दमले.’

बँडवाले अजिबात दमले नव्हते.

मी दाराच्या कडीला हात घातला. मला वाटलं, आता हा मला बस म्हणेल. म्हणाला असता तर मी नक्की बसलो असतो आणि वरात नक्की बँडात घुसली असती. मामाने माझ्याकडे बघितलं. समोर नव्हे, आरशात नव्हे, सरळ माझ्याकडे. इतक्या जवळून त्याचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. लाल झाले होते, पाणी भरलं होतं.

‘भाच्या,’ तो हळूच म्हणाला, ‘नाय व्हत रं.’

मग मामाने गियर काढला, चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. गाडीचा कंप थांबला. बँडच्या आवाजात ते कोणाला कळलं नाही.

‘पोरांना सांग, ढकला. बोंब मारायची नाय. हात लावून चालल्यासारखं करायचं.’

मी मागे धावलो. प्राजूचे चुलतभाऊ, शेजारची पोरं, दोन-चार जणांच्या कानात सांगितलं. ती पोरं एरवी घरात पाण्याचा हंडा ढकलणार नाहीत, पण मागच्या बंपरला हात लावून वरातीची शोभा असल्यासारखी चालू लागली. गाडी सरकली. इंजिन चालू असताना सरकायची त्याहून मऊ. मी पुन्हा मामाच्या दाराशी आलो. मामाचे हात स्टिअरिंगवर, नजर पुढे. डावा पाय त्याने पेडलवरून काढला आणि बाजूला लांब सोडला.

प्राजूला कळलं. ती ह्याच गाडीत वाढलेली. पुढे वाकून म्हणाली, ‘आबा, इंजिन बंद हाय.’

‘गप बस. वरातीत नवरी बोलत नाय.’

ती मागे टेकून बसली. आरशात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, मामाला दिसत असणार. तो बराच वेळ आरशातून नजर काढत नव्हता. देवळामागचं वळण, पिंपळाचा पार, शाळा, सगळं तसंच मागे गेलं. शाळेपाशी मामा मला म्हणाला, ‘लोकांच्या वराती पाय दाबून दाबून नेल्या. आज पयल्यांदा पाय सोडून बसलो. बरं वाटतं रं.’

हमरस्त्याला नवऱ्याकडची मोठी गाडी एसी लावून उभी होती. बँड थांबला. बायका रडायला लागल्या. प्राजू उतरली, मामीच्या गळ्यात पडली, आईच्या पडली, माझ्याही पडली. मामा उतरला नाही. लोकांना वाटलं, म्हातारा रुसला. मला माहीत होतं, त्याला उतरता येत नव्हतं. पाय जिथे सोडला होता तिथेच राहिला होता.

प्राजू ड्रायव्हरच्या दाराशी आली. ‘आबा, उतरा. पाया पडायचंय.’

‘तितूनच पड.’

तिने दार उघडलं आणि तो एवढा शालू सावरत आत वाकली. त्याचे पाय खाली, पेडलांपाशी, अंधारात. तिने हात घातला, बांगड्या क्लचच्या दांडीवर वाजल्या. चाचपडत तिने आधी उजवा पाय शोधला, मग डावा. डाव्यावर हात जरा जास्त राहिला. बाहेर आला तेव्हा मेंदीवर काळं ग्रीस लागलं होतं. मी नवीन बुशाला हौसेने थापलेलं. मी घाईने रुमाल काढला. तिने मला दुसऱ्या हाताने थांबवलं, ग्रीसचा हात तसाच मुठीत मिटला आणि मोठ्या गाडीत जाऊन बसली.

ती गाडी सुरू झाली आणि क्षणात दिसेनाशी झाली. हल्लीच्या गाड्या अशाच जातात. मामा तिकडे बघत होता. लोक पांगले. धूळ बसली.

‘चल,’ तो म्हणाला, ‘पाय उचल माजा.’

मी वाकून दोन्ही हातांनी त्याचा डावा पाय उचलला आणि दाराबाहेर ठेवला. एवढासा माणूस, पण पाय इतका जड. मग दुसरा. माझ्या खांद्यावर हात टाकून तो उभा राहिला. पोरांपैकी एकाने विचारलं, ‘आबा, गाडी घरी लावायची का?’

‘ऱ्हाऊ दे तितंच,’ मामा म्हणाला, आणि मागे न बघता चालू लागला.

मागे बघितलं मी. उघड्या टपात झेंडूच्या पाकळ्या, दार तसंच सताड उघडं. बघता बघता माझा पाय दगडाला लागला आणि मामासकट मी एका बाजूला कललो. त्याने माझा दंड घट्ट धरला.

‘पुडं बग रं, भाच्या,’ तो म्हणाला. ‘दोगं पडू.’